उपग्रहाचा आकडा आणि डोंबिवलीची हवा

उपग्रहावरील लेसरने टिपलेला हवेचा उभा छेद रंगीत छापून आला, की तो वर्गात तक्त्यासारखा लावावासा वाटतो. जरूर लावावा. परंतु त्यातील सर्व आकडे थेट मोजलेले नसतात, हे सांगायचे राहून जाते. आमचा आक्षेप उपग्रहावर नाही; या राहून जाण्यावर आहे.

अमेरिका व फ्रान्स यांनी २८ एप्रिल २००६ रोजी सोडलेला ‘कॅलिप्सो’ २०२३च्या ऑगस्टपर्यंत काम करत होता. सुमारे ७०० किमी उंचीवरून तो लेसरचे स्पंद खाली सोडी आणि हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांवरून, म्हणजे एरोसोलवरून, मागे फिरलेला प्रकाश मोजी. प्रकाश परतण्यास लागलेल्या वेळेवरून थराची उंची कळे. हे काम त्याने उत्तम केले.

अडचण पुढे आहे. कणांमुळे वाटेत किती प्रकाश अडला, हे त्याला बहुधा वेगळे मोजता येत नसे. कणांचा प्रकार ओळखायचा आणि त्या प्रकारासाठी ठरवलेले गुणोत्तर वापरायचे, अशी पद्धत होती. हिरव्या प्रकाशासाठी हे गुणोत्तर शुद्ध समुद्री कणांना २३, तर प्रदूषित भूखंडीय कणांना ७० धरले जाई. आता ठाण्याची खाडी, समुद्रावरून येणारा वारा आणि डोंबिवलीतील कारखान्यांचा धूर एकत्र आणा. इथे प्रकार कोणता मानणार? निवड चुकली, तर उत्तर तिपटीपर्यंत चुकू शकते.

शिवाय विरळ थर ओळखण्यासाठी ८० किमीपर्यंतच्या नोंदींची सरासरी घेतली जाई. कल्याणवरून एवढी दक्षिणोत्तर पट्टी धरली, तर ती कर्जतच्या बाजूपासून वाड्याच्या बाजूपर्यंत जाते. त्या आकड्याला ‘कल्याणची हवा’ कसे म्हणावे?

म्हणून जमिनीवरील उपकरणांशी पडताळा हवा. तोही सोपा नाही. कल्याणच्या खडकपाड्यातील हवा-तपासणी केंद्र जमिनीलगतच्या कणांचे वजन सांगते; लेसर त्यांनी विखुरलेला प्रकाश सांगतो. दमट हवेत कण पाणी शोषून फुगतात आणि प्रकाश अधिक विखुरतात, धूर तेवढाच असला तरी. युरोपात जमिनीवरील लेसरयंत्रे व ‘कॅलिप्सो’ यांची तुलना करताना १०० किमीपर्यंतचे अंतर चालवून घेतले गेले. आपल्याकडे पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने १९८०च्या दशकातच लेसरने एरोसोल मोजले. पण पुणे कल्याणहून सरळ रेषेत सुमारे ११० किमी दूर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच आणि सह्याद्रीपलीकडे आहे. पुण्याची साक्ष डोंबिवलीला चालणार नाही.

मे २०२४ मध्ये सोडलेला ‘अर्थकेअर’ उपग्रह अडलेला प्रकाश स्वतंत्रपणे मोजू शकतो. ही खरी प्रगती आहे. तरी दाट ढगाखाली त्याचाही लेसर पोहोचत नाही. पावसाळ्यात आपले आकाश कसे असते, हे सांगायला नकोच.

शिक्षकांनी एवढे करावे. शाळेच्या गच्चीवरून मलंगगड दिसत असेल, तर तो रोज ठरल्या वेळी किती स्पष्ट दिसतो ते मुलांना लिहू द्यावे. शेजारी आर्द्रता आणि केंद्राचा आकडा मांडावा. तिन्ही नेहमी जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, हा प्रश्न मुलांनी विचारला की पडताळा म्हणजे काय ते त्यांना समजले. डोंबिवलीत दम्याने खोकणाऱ्या मुलाच्या पालकांना उपग्रहाचे चित्र दाखवण्यापूर्वी हाच प्रश्न आपणही स्वतःला विचारला पाहिजे.