वंशावळीतला याबेस आणि उरलेली नावं

एरवी आपण इथे पेपर सोडवून बघतो. आज एक पुस्तक घेतेय, ब्रूस विल्किन्सन यांचं 'द प्रेयर ऑफ जाबेझ'. २००० साली अमेरिकेत आलं, छोटंसंच आहे, आणि लाखोंनी खपलं. पुराव्यावरून निष्कर्षाकडे कसं जायचं, हे शिकणाऱ्याने ते जरूर वाचावं. श्रद्धा असो वा नसो, त्याने फरक पडत नाही.

अख्खं पुस्तक बायबलमधल्या एका छोट्या प्रार्थनेवर उभं आहे. पहिल्या इतिहासाचे सुरुवातीचे नऊ अध्याय म्हणजे जवळजवळ नुसती वंशावळ, अमक्याचा मुलगा तमका. चौथ्या अध्यायात ९ आणि १० या दोन वचनांत याबेस येतो. आईला फार वेदना झाल्या म्हणून तिने हे नाव ठेवलं. त्याने देवाकडे आशीर्वाद मागितला, सीमा वाढवून मागितली, पाठीशी हात मागितला, वाईटापासून राख म्हणाला. देवाने दिलं. संपलं. पुढे परत नावंच नावं.

विल्किन्सन म्हणतात, ही प्रार्थना रोज करा आणि बदल बघा. 'सीमा' म्हणजे त्यांच्या मते तुमच्या कामाचा, प्रभावाचा आवाका. एक श्रेय त्यांना द्यायलाच हवं. जे पान सगळे उलटून पुढे जातात तिथे ते थांबले. आपणही पेपरमधलं पुरवणी साहित्य कुठे उघडतो?

पण थांबल्यावर त्यांनी काय केलं? एका माणसाच्या एका नोंदीवरून सगळ्यांसाठी नियम काढला. मागून न मिळालेल्यांचं काय? त्यांची नोंद त्याच ग्रंथात आहे. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या १२ व्या अध्यायात पौल आपल्या शरीरातला काटा काढ म्हणून तीनदा विनवतो आणि काटा तसाच राहतो. याबेसवरून नियम काढायचा तर ही नोंदही त्याच तक्त्यात बसवावी लागेल.

दुसरा मुद्दा संदर्भाचा, आणि मला तो जास्त मोठा वाटतो. इतिहासाचं पुस्तक बाबेलच्या बंदिवासानंतर, पर्शियन अमलात रचलं गेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. परतलेल्या लोकांकडे छोटासा प्रांत उरला होता. अशा वेळी वंशावळ म्हणजे कंटाळवाणी यादी नसते, ती आपण कोण आणि जमीन कोणाची याचा दस्तऐवज असते. जवळपास सातबाराच म्हणा ना. आमच्या बोनकोड्यात हे समजावून सांगावं लागणार नाही. १९७० ला सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि गावठाणाची हद्द, साडेबारा टक्के हे शब्द अजून घराघरात आहेत. इथे कोणी सीमा वाढव म्हणालं तर ऐकणारा आधी जमिनीचाच विचार करेल. मूळ वाचकानेही बहुधा तोच केला असणार.

तिसरी गोष्ट भाषांतरात हरवते. हिब्रूत याबेस हे नाव आणि वेदनेचा शब्द यांची अक्षरं तीच आहेत, फक्त क्रम बदललेला. प्रार्थनेच्या शेवटी तेच मूळ परत येतं, मला वेदना होऊ नये म्हणून. म्हणजे आईने नावात घातलेलं दुःख आपलं नशीब होऊ नये, असं हा माणूस मागतोय. हा बोध मला विल्किन्सन यांच्या बोधापेक्षा पटतो, कारण तो शब्दांतूनच निघतो, बाहेरून आणावा लागत नाही.

आता उलट पद्धत बघा. पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, छापील ग्रंथ १९२४ मध्ये आला. भाषांतर करणाऱ्याला आवडतं वचन निवडायची सोय नसते. त्या नऊ अध्यायांतलं एकेक नाव देवनागरीत उतरवावंच लागतं.

अशा सलग वाचनाने काय हाती लागतं? गणना, अध्याय २७. सलाफहादला मुलगा नव्हता. त्याच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून वडिलांचा वाटा मागतात आणि त्यांचं म्हणणं बरोबर ठरतं. इथेच थांबलं तर समानतेचं सुंदर वचन मिळतं. कायदा काहीही म्हणो, बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेण्याची रीत आपल्याकडे अजून आहे, त्यामुळे हे वचन मला महत्त्वाचं वाटतं. पण नियम नीट वाचा, मुलगीला वाटा मुलगा नसेल तरच. आणि ३६ व्या अध्यायात कुळाचे पुढारी तक्रार घेऊन येतात, या मुली बाहेर लग्न करतील तर जमीन दुसऱ्या वंशाकडे जाईल. मग अट येते, आपल्याच वंशात लग्न करा. त्या चुलतभावांशी लग्न करतात. यहोशवाच्या १७ व्या अध्यायात त्या पुन्हा येऊन मिळालेल्या शब्दाची आठवण करून देतात, आणि तेव्हा कुठे जमीन मिळते.