किशोरवयीन जलतरण स्पर्धांतील वयोगट आणि लिंगसमानता : एक चिकित्सा

प्रस्तावना

क्रीडाक्षेत्रातील लिंगसमानतेची चर्चा बहुधा बक्षिसांची रक्कम, प्रशिक्षणाच्या सोयी आणि स्पर्धाप्रकारांची संख्या या मुद्द्यांभोवती फिरते. वयोगटाची सीमारेषा मात्र निव्वळ तांत्रिक बाब समजून बाजूला ठेवली जाते. वस्तुतः स्पर्धेत कोणी उतरावे आणि कोणी बाहेर राहावे, हे सर्वप्रथम हीच रेषा ठरवते. किशोरवयीन जलतरणात ती दीर्घकाळ मुलामुलींसाठी वेगवेगळ्या ठिकाणी आखली गेली. त्यामागील युक्तिवाद तपासणे आणि समान वयोगट म्हणजेच समान संधी होय काय, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

नियमाचे स्वरूप

जागतिक कनिष्ठ जलतरण स्पर्धा प्रथम २००६ मध्ये रिओ दि जानेरो येथे झाली. आंतरराष्ट्रीय संघटनेने, म्हणजे पूर्वीच्या 'फिना'ने, मुलींसाठी १४ ते १७ आणि मुलांसाठी १५ ते १८ असा वयोगट ठेवला होता. युरोपात हे अंतर आणखी मोठे होते. २०१५ च्या बाकू येथील युरोपियन क्रीडास्पर्धेत जलतरण कनिष्ठ गटापुरते मर्यादित होते. तेथे मुली १५-१६ वर्षांच्या, तर मुले १७-१८ वर्षांची होती. म्हणजे ज्या वयात मुलाला कनिष्ठ गटात प्रवेश मिळत होता, त्या वयात मुलीचा कनिष्ठ गट संपलेला असे. पुढे 'वर्ल्ड ॲक्वाटिक्स' या नव्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघटनेच्या २०२३ च्या नेतान्या येथील स्पर्धेत दोघांसाठीही १४ ते १८ हा एकच वयोगट होता.

जीवशास्त्रीय युक्तिवादाची मर्यादा

भिन्न वयोगटाचे समर्थन शरीरविकासाच्या आधारे केले जाते. त्यात तथ्य आहे. मुलींच्या उंचीवाढीचा सर्वाधिक वेग सरासरीने बाराव्या वर्षाच्या सुमारास, तर मुलांचा चौदाव्या वर्षाच्या सुमारास येतो. म्हणून मुली लवकर प्रौढ होतात आणि त्यांनी कनिष्ठ गटही लवकर सोडावा, असा निष्कर्ष काढला जातो.

येथे एक तार्किक उणीव राहते. वैयक्तिक शर्यतींत मुलगी मुलाविरुद्ध पोहतच नाही. तिची स्पर्धा मुलींशी असते. मुलांची वाढ केव्हा पूर्ण होते, यावरून मुलींच्या गटाची वरची मर्यादा ठरवण्याचे कारण उरत नाही. दुसरी बाब अशी, की केटी लेडेकीने २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी ८०० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. रूता मेइलुटिटेनेही त्याच वयात, त्याच स्पर्धेत १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचे सुवर्ण मिळवले. अशी उदाहरणे अपवादात्मक असतात. अपवादाला प्रमाण मानून केलेला नियम सतरा-अठराव्या वर्षी उमलणाऱ्या मुलीवर अन्याय करतो.

लेडेकीचेच उदाहरण या नियमाची विसंगतीही दाखवते. २०१५ मध्ये कझान येथील जागतिक स्पर्धेत तिने ८०० मीटर अंतर ८ मिनिटे ७.३९ सेकंदांत पोहून जागतिक विक्रम केला. तेव्हा ती १८ वर्षांची होती. तत्कालीन नियमानुसार मुलींची कनिष्ठ मर्यादा १७ असल्याने ही वेळ कनिष्ठ जागतिक विक्रम म्हणून नोंदवता येत नव्हती. त्याच वयाच्या मुलाला मात्र ती मुभा होती. चार-चार वर्षांचा गट दोघांना दिला, ही समानता अंकगणितातली होती. आयुष्यातले कोणते वर्ष वगळले गेले, हा प्रश्न त्या गणितात येत नाही.

शरीराचा दाखला देऊन स्त्रियांचा वाव मर्यादित ठेवण्याची ही पहिली वेळ नव्हे. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची १५०० मीटर फ्रीस्टाइल १९०८ पासून होती. स्त्रियांना ती २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये प्रथम मिळाली.

समान वयोगटाची मर्यादा

तथापि, एकच वयोगट केल्याने प्रश्न पूर्णपणे सुटत नाही. चौदा वर्षांचा मुलगा आणि अठरा वर्षांचा मुलगा यांच्या शरीरबलात मोठी तफावत असते. मुलींमध्ये ही तफावत तुलनेने कमी असते. त्यामुळे चौदाव्या वर्षीचा प्रवेश मुलीला खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो, मुलाला तो बहुधा कागदावरच मिळतो. हा आक्षेप योग्य आहे, पण त्याचे वजन मर्यादित आहे. नाममात्र मिळालेल्या प्रवेशाने कोणाचेही नुकसान होत नाही. नाकारलेल्या प्रवेशाने मात्र एक पूर्ण वर्ष हिरावले जाते. दोन्ही नियम सदोष असले, तरी त्यांचे दोष समान तोलाचे नाहीत.

महाराष्ट्राचा संदर्भ

भारतात शालेय क्रीडास्पर्धांचे १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट मुलामुलींसाठी सारखेच आहेत. या बाबतीत आपला नियम युरोपच्या जुन्या नियमापेक्षा न्याय्य ठरतो. महाराष्ट्रात त्याला भौतिक महत्त्वही आहे. दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि शासकीय सेवेतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण यांमुळे विहित स्पर्धेतील प्रावीण्याच्या प्रमाणपत्राला पदकापलीकडचे मोल येते. कनिष्ठ महाविद्यालयातील मुलगी एका वर्षाने वयोगटाबाहेर गेली, तर तिच्या हातून केवळ शर्यत जात नाही.

परंतु नियम समान असूनही १९ वर्षांखालील गटापर्यंत किती मुली टिकतात, हा खरा प्रश्न आहे. तालुक्याच्या ठिकाणी तलाव नसणे, असला तरी स्त्री प्रशिक्षक व स्वच्छ कपडे बदलण्याची खोली नसणे, मासिक पाळीविषयीचा संकोच, पोहण्याच्या पोशाखाबद्दलची कुटुंबाची नाराजी आणि बारावीच्या अभ्यासाचा दबाव या कारणांनी मुली तलावापासून दुरावतात. दार उघडे असते, परंतु दारापर्यंतची वाट तुटलेली असते.

निष्कर्ष

वयोगट ठरवताना शरीरविकासातील फरक नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या फरकाचा उपयोग प्रशिक्षणाचा भार ठरवण्यासाठी आणि मोठ्या गटांची अधिक बारीक विभागणी करण्यासाठी व्हावा, एका बाजूचा प्रवेश लवकर बंद करण्यासाठी होऊ नये. १४ ते १८ या गटात १४-१५ आणि १६-१८ असे दोन उपगट दोघांसाठीही केल्यास उशिरा वाढणाऱ्या मुलालाही न्याय मिळेल. महाविद्यालयांच्या पातळीवर त्याहून सोपे पाऊल शक्य आहे. अकरावीत प्रवेश घेणाऱ्या, पूर्वी पोहत असलेल्या मुलींची नोंद करून त्यांच्या सरावाची वेळ, सुरक्षित प्रवास आणि स्त्री मार्गदर्शक यांची व्यवस्था शारीरिक शिक्षण विभागाने करावी. समान वयोगट ही समानतेची पूर्वअट आहे. तिची पूर्तता शेवटच्या गटात प्रत्यक्ष उतरणाऱ्या मुलींच्या संख्येवरूनच मोजली पाहिजे.