‘हिंदस्वराज्य’ आणि मराठवाड्याचें पाणी

कांहीं ग्रंथ असे असतात कीं, त्यांचा गौरव पुष्कळ होतो, परंतु त्यांशीं वाद घालण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाहीं. महात्मा गांधींचें ‘हिंदस्वराज्य’ हें पुस्तक अशांपैकीं एक होय. भक्तांनीं तें देव्हाऱ्यांत ठेविलें आणि विरोधकांनीं एका संतपुरुषाची लहर म्हणून बाजूस सारलें. परिणाम एकच झाला, कीं दोघांनींही तें वाचावयाचें सोडलें. यंत्रयुगानें सृष्टीची केलेली हानि आज जो तो बोलून दाखवितो, आणि ‘पूर्वींची साधी राहणीच बरी होती’ हा उद्गार शहरांतील दिवाणखान्यांतूनही ऐकूं येतो. अशा वेळीं ज्या ग्रंथानें हा विचार निर्भयपणें शेवटपर्यंत नेला, त्याची पारख एखाद्या ठराविक भूमीवर उभें राहून करावी, असें आम्हांस वाटतें. ती भूमि आम्हीं मराठवाड्यांतील लातूर व नांदेड या जिल्ह्यांची निवडली आहे. कारण यंत्राचे उपकार आणि अपकार, तसेच साध्या राहणीचे गुण आणि दोष, हे सर्व येथें हाताच्या अंतरावर पाहावयास मिळतात.

हें पुस्तक गांधीजींनीं १९०९ च्या नोव्हेंबरांत, विलायतेहून दक्षिण आफ्रिकेस परत जातांना, ‘किल्डोनन कॅसल’ या आगबोटीवर दहाएक दिवसांत गुजरातींत लिहिलें. उजवा हात थकला म्हणजे ते डाव्या हातानें लिहीत. १९१० च्या मार्चांत मुंबई सरकारनें तें जप्त केलें. ग्रंथाची रचना ‘वाचक’ आणि ‘अधिपति’ यांच्या संवादाची आहे. वाचक उतावळा व तापट. अधिपति शांत, क्वचित् मिस्किल. संवादाच्या या रूपांत ग्रंथाचें बळ आहे, कारण कोणताही विचार उपदेशाच्या उंच आसनावरून येत नाहीं. पण ग्रंथाचें दुबळेपणही त्यांतच आहे. कारण हा वाचक फार लौकर हार पत्करतो. तो लातुराकडचा असता, तर त्यानें आणखी चार प्रश्न खास विचारले असते. ते प्रश्न आज आपणच विचारले पाहिजेत.

आगगाडीवर ग्रंथाचा विशेष रोष आहे. युक्तिवाद थोडक्यांत असा: आगगाडीमुळें परकीय सत्तेची पकड घट्ट झाली, रोगराई दूरवर पसरली आणि दुष्काळ वाढले, कारण वाहतूक सुलभ होतांच लोक आपलें धान्य जेथें चढा भाव मिळेल तेथें विकून मोकळे होतात, आणि घरची कणगी रिकामी राहते. हें लिहिलें गेल्यानंतर दोनच वर्षांनीं, १९११ सालीं, बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लोहवाट लातुरास येऊन पोंचली. निजामाच्या राज्यांतील हें गांव पाहतां पाहतां धान्याची मोठी पेठ बनलें. १९२७ सालीं ही रेल्वे मिरजेपर्यंत वाढली. पुढें रूळ रुंद झाले, मार्गांतही थोडा फेरफार झाला. पण लातूर आणि मिरज यांना जोडणारी वाट मूळ तीच राहिली.

२०१६ च्या एप्रिलांत याच वाटेनें लातुरास जी गाडी आली, ती माल नेण्यास आली नव्हती. ती पाणी घेऊन आली होती. ज्यावर शहराची तहान भागे, तें मांजरा नदीवरील धनेगांवचें धरण कोरडें पडलें होतें. पाण्याच्या टाक्यांपाशीं दंगे होऊं नयेत म्हणून मार्चांतच जमावबंदीचा हुकूम काढावा लागला होता. मिरजेस कृष्णेचें पाणी भरून निघालेली पहिली गाडी सुमारें ३४० किलोमीटरांचा प्रवास करून १२ एप्रिल रोजीं लातुरास पोंचली. तिला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारें पांच लाख लिटर पाणी होतें. पुढें पन्नास वाघिणींच्या गाड्या येऊं लागल्या, आणि ऑगस्टपर्यंत शंभरावर खेपा झाल्या. ज्या आगगाडीस ‘हिंदस्वराज्यां’त दुष्काळाची जननी ठरविलें, तिनेंच एका तहानलेल्या शहरास चार महिने पाणी पाजलें. मग ग्रंथ येथेंच पराभूत झाला काय?

वरवर पाहणारास तसें वाटेल. पण लातूर कोरडें कशानें पडलें, हा प्रश्न विचारला म्हणजे पारडें पुन्हां दुसऱ्या बाजूस झुकूं लागतें. पाऊस कमी झाला हें खरें. परंतु या प्रदेशास अवर्षण नवें नाहीं. येथील काळ्या जमिनीची पूर्वापार रीत अशी कीं, पावसाळ्याचें पाणी मातीनें धरून ठेवावें आणि त्या ओलीवर व हिवाळ्याच्या दंवावर रब्बीची ज्वारी चार महिन्यांत पदरांत पाडावी. त्याच जमिनींत ऊस आला. तो बारा ते अठरा महिने रानांत उभा असतो आणि तेवढे दिवस पाणी मागतो. महाराष्ट्राच्या लागवडीखालील क्षेत्रांत उसाचा वाटा चार टक्क्यांच्या आसपास. पण सिंचनाच्या पाण्यांत त्याचा वाटा निम्म्याहून अधिक, असा हा हिशेब आहे. हें पाणी साखरेच्या पोत्यांत भरून दूरच्या बाजारांत जातें. गांधीजींनीं धान्याविषयीं जें लिहिलें, तें येथें पाण्याविषयीं अक्षरशः खरें ठरलें: चढ्या भावाच्या पेठेनें घरची कणगी रिकामी केली.

आणि कणगी रिकामी झाली तेव्हां माणसानें तिचा तळ फोडला. मराठवाड्याच्या काळ्या कातळांत पाणी राहतें तें मुख्यतः वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या थरांत. खोल गेल्यावर तें थोडें, आणि एकदां उपसलें कीं फार सावकाश भरणारें. जुन्या आडास व विहिरीस हें ठाऊक होतें असें नव्हे. त्यांना खोल जातांच येत नव्हतें. मोटेच्या बैलांस दम लागे, आणि बैलांस दम लागला म्हणजे विहिरीसही विसावा मिळे. विजेच्या पंपास दम लागत नाहीं. विंधन विहिरी पांचशें-सातशें फूट खोल गेल्या, शेजाऱ्याची आटली म्हणून आपली आणखी खोल नेण्याची चढाओढ लागली, आणि ज्यानें अधिक कर्ज काढलें त्यास चार दिवस अधिक पाणी मिळालें. २००९ च्या राज्याच्या भूजल कायद्यानें ६० मीटरांपलीकडील विहिरींवर निर्बंध घातले आहेत. पण कायद्याचा कागद आणि रानांतील यंत्र यांची गांठ पडणें अवघड. यंत्रानें माणसाचे कष्ट हरण केले हें उत्तम झालें. परंतु त्या कष्टांबरोबर जी मर्यादा आपोआप पाळली जात होती तीही गेली, आणि तिच्या जागीं दुसरी मर्यादा आम्हीं निर्माण केली नाहीं. ‘हिंदस्वराज्या’चा गाभा आमच्या मतें हाच आहे. माणसानें आपल्या हातापायांना असलेली मर्यादा ओलांडण्यापूर्वीं मनाची मर्यादा घडवावी, असें तो ग्रंथ सांगतो. आणि या बाबतींत लातूरचा कोरडा तलाव त्याच्या बाजूनें साक्ष देतो.

परंतु आतां आम्हांस ग्रंथाच्या विरुद्ध बोलावयाचें आहे. पूर्वजांनीं यंत्रें कळत असूनही बुद्ध्या टाळलीं, आणि तोच नांगर व त्याच झोंपड्या राखून समाज सुखी ठेविला, असें जें चित्र अधिपति रंगवितो, तें एका उंचीवरून पाहिलेलें चित्र आहे. नांदेड जिल्ह्यांत कंधार येथें राष्ट्रकूटकाळची आठवण सांगणारा जगत्तुंग सागर आहे. मराठवाड्याच्या गांवोगांवीं सुरेख बारवा आहेत. त्या पाहून आमचेंही मस्तक लवतें. पण बारवेच्या पायऱ्यांचें सौंदर्य वर्णितांना, त्या पायऱ्या कोणास उतरूं देत नसत, हें विसरून कसें चालेल? पाण्याशीं संयमानें वागणारें खेडें माणसांशीं संयमानें वागत होतें, असें इतिहास सांगत नाहीं. १९७८ सालीं विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून नांदेड व परभणी जिल्ह्यांतील खेड्यांत दलितांचीं घरें जळलीं, तीं कोणत्याही यंत्रानें जाळलीं नव्हतीं.

डॉ. आंबेडकरांनीं १९४५ सालच्या आपल्या ग्रंथांत गांधीवादावर एक स्वतंत्र प्रकरण लिहून हाच घाव घातला. यंत्र माणसास पशुतुल्य कष्टांतून सोडवितें, कष्टांतून सुटलेल्या वेळांतूनच संस्कृति उपजते, आणि यंत्राचे म्हणून जे दोष सांगतात ते खाजगी लोभावर उभारलेल्या समाजरचनेचे दोष आहेत, असा त्यांचा आशय. ‘हिंदस्वराज्यां’तील वाचकानें जो प्रश्न विचारावयास पाहिजे होता, तो असा पस्तीस वर्षांनंतर विचारला गेला. पहांटे जात्यावर बसणाऱ्या बाईची ओवी आम्हांस प्रिय आहे. पण पिठाची गिरणी आली तेव्हां त्या बाईनें जात्याचा खुंटा सोडतांना डोळ्यांत पाणी आणलें असेल, असें मानावयास आम्ही तयार नाहीं.

या संदर्भांत लातूर तालुक्यांतील काटगांवीं जन्मलेल्या कै. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ या १९७१ सालच्या कादंबरीची आठवण होते. ही कथा मराठवाड्यांतील एका शिंप्याच्या बायकोनें आपल्या बोलींत सांगितली आहे. योग असा कीं, १९२४ सालीं गांधीजींनीं आपला विरोध यंत्रास नसून यंत्राच्या वेडास आहे असा खुलासा केला, तेव्हां अपवाद म्हणून त्यांनीं शिवणयंत्राचेंच नांव घेतलें होतें. ‘पाचोळ्यां’तील घर जें उधळतें तें यंत्रामुळें नव्हे. गांवांतील बड्या माणसाशीं वांकडें आलें, एवढ्या एका कारणानें तें उधळतें. निरुपद्रवी यंत्र आणि साधें खेडें दोन्ही जागच्या जागीं असून दुर्बळाचा पाचोळा होऊं शकतो, हें बोराड्यांनीं दाखविलें. आणि ‘हिंदस्वराज्या’वरील टीकेस एका ललित कृतीनें दिलेला हा आधार आम्हांस कोणत्याही प्रबंधाहून मोलाचा वाटतो.

साध्या राहणीच्या स्तुतीस सर्वांत कठोर उत्तर मात्र ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे मिळालें. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होती. गणपती विसर्जून लोक घरांत झोंपले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारी व सास्तूर परिसर हादरला, आणि आठ ते दहा हजार माणसें मुख्यतः आपल्याच घरांच्या दगडमातीखालीं गाडलीं गेलीं. तीं माळवदाचीं घरें होतीं: जवळचा दगड, जवळची माती, उन्हाळ्यांत थंडगार. निसर्गाशीं जुळतें घर म्हणून आज ज्याची वाखाणणी व्हावी तसेंच. पण भिंतीचे आंतबाहेरचे दोन थर सांधणारा आरपार दगड त्यांत नसे, आणि गळती थांबविण्यासाठीं माळवदावर वर्षानुवर्षें टाकलेल्या मातीचें ओझें डोक्यावर वाढत गेलेलें असे. परंपरेस ऊन आणि पाऊस ठाऊक होते. भूकंप ठाऊक नव्हता.

तथापि यावरून सिमेंटाचा जयजयकार करणारांसही आम्ही थांबवूं इच्छितों. कित्येक ठिकाणीं भिंती कोसळल्या, पण सुताराचे लाकडी खांब व तुळया उभ्या राहिल्या. नंतर अभियंत्यांनींच सांगितलें कीं, भिंतींत ठराविक अंतरावर आरपार दगड घाला, वरची माती हलकी करा, खांब-तुळयांच्या सांध्यांस तिरके आधार द्या, भिंतींभोंवतीं सलग पट्टा बांधा. म्हणजे जुनें घरही तग धरील. येथें शास्त्र आणि साधेपणा यांचें भांडण उरतच नाहीं. शास्त्रानें सांगितलेली गोष्ट गांवचा गवंडी स्वतःच्या हातांनीं, जवळच्या दगडांनीं करूं शकतो. दुसरीकडे जागतिक बँकेच्या कर्जाच्या साह्यानें गांवेंच्या गांवें नव्या जागीं वसविलीं, तेथें रस्ते रुंद झाले, पण घर, गोठा आणि रान यांची जुनी जवळीक तुटली. जीव वांचविणें हें पहिलें कर्तव्य, यांत शंका नाहीं. पण तें कोणत्या रीतीनें करावें याचा विचार त्या घरांत राहणाराच्या हातीं किती राहतो, ही कसोटी आम्हांस महत्त्वाची वाटते.

हीच कसोटी खादीस लावून पाहूं. लातूर जिल्ह्यांतील उदगिरास हातमागावर विणलेल्या खादीपासून नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या कार्यशाळेंत राष्ट्रध्वज तयार होतात. देशांत असें काम करणारीं ठिकाणें फार थोडीं. ३० डिसेंबर २०२१ रोजीं ध्वजसंहितेंत दुरुस्ती होऊन यंत्रावर केलेल्या व पॉलिएस्टरच्याही ध्वजास परवानगी मिळाली. स्वस्त ध्वज घरोघर गेला, यांत आनंदच आहे. परंतु ध्वजाची खादी हें केवळ कापड नव्हतें; उदगिरांतील विणकराच्या हातास देशानें दिलेलें तें एक वचन होतें. वचन मोडावयाचेंच असेल, तर त्या हातांस दुसरें काय देणार हें आधीं सांगावें. ‘हिंदस्वराज्य’ वाचलेल्या माणसास हा प्रश्न सुचतो. न वाचलेल्यास सुचत नाहीं. ग्रंथाच्या उपयुक्ततेचा याहून वेगळा पुरावा आम्हांस नको.

तात्पर्य, या ग्रंथाचा निदानाचा भाग आम्हांस पुष्कळ अंशीं मान्य आहे. औषधाचा भाग मान्य नाहीं. लोभाचें पाप त्यानें यंत्राच्या माथीं मारलें, आणि खेड्याचें पाप तो पाहूं शकला नाहीं. पण माणसाच्या गरजांस कोठें तरी सीमा असावी, आणि ती सीमा बाजारानें न आंखतां माणसानें आंखावी, हें त्यानें जितक्या ठामपणें मांडलें तितकें त्यानंतर क्वचितच कोणी मांडलें. २०१६ च्या पावसाळ्यांत मांजरा भरली, गाडी बंद झाली, आणि रानांत पुन्हां ऊस उभा राहिला. पुढच्या अवर्षणांत आगगाडी पुन्हां धांवून येईलही. ती यावीच, असें आम्ही म्हणूं. परंतु दुसऱ्याच्या नदीचें पाणी वाघिणींत भरतांना आपल्या नदीचें पाणी कोठें गेलें याचा जाब ज्या समाजास द्यावासा वाटत नाहीं, त्यास आगगाडी असली काय आणि नसली काय, स्वराज्य मिळालें असें म्हणतां येणार नाहीं.