मार्केट स्ट्रीटवरची तेरा मिनिटे

चलच्चित्राच्या बाल्यावस्थेतील चित्रफिती पाहताना आपल्या मनाची एक ठराविक प्रतिक्रिया होते. पडद्यावर घोडागाड्या, लांब झग्यांतील स्त्रिया आणि टोप्या घातलेले पुरुष दिसू लागले, की आपण हळहळतो. गेलेल्या काळाविषयी दोन गोड उद्गार काढतो आणि चित्रफीत संपली, की ती विसरूनही जातो. ही हळहळ खोटी नसते. परंतु तिच्या आड त्या चित्रफितीत प्रत्यक्ष काय आहे, ते पाहायचे राहून जाते. शहरी रस्त्याचे आरंभीचे चित्रण कसे पाहावे, या प्रश्नाचा विचार एका प्रसिद्ध चित्रफितीच्या आधारे करण्याचा हा प्रयत्न आहे.

‘अ ट्रिप डाउन मार्केट स्ट्रीट’ हे तिचे नाव. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात १९०६ साली ती चित्रित झाली. हॅरी, हर्बर्ट, अर्ल आणि जो या चार माइल्स बंधूंनी ती तयार केली. केबल कारच्या अगदी पुढच्या टोकाला कॅमेरा बसवायचा आणि आठव्या रस्त्याच्या चौकापासून बंदराकाठच्या फेरी बिल्डिंगपर्यंतचा सुमारे दीड मैलांचा सरळ रस्ता टिपत जायचा, एवढीच तिची कल्पना. लांबी सुमारे तेरा मिनिटांची. तीत कथा नाही, नायक नाही, संवाद तर नाहीतच.

अशा चित्रफितींचा त्या काळी एक स्वतंत्र प्रकारच होता. कॅमेरा वाहनाच्या पुढे असल्यामुळे वाहन दिसत नाही, रस्ता मात्र आपल्या अंगावर येत राहतो. म्हणून त्याला ‘फँटम राइड’, म्हणजे भुताची सफर, असे गमतीचे नाव पडले होते. चालत्या वस्तूंचे आकर्षण तर चलच्चित्राच्या जन्मापासूनचेच. ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात झाला, तेव्हा त्या पहिल्या कार्यक्रमातही स्थानकात शिरणारी आगगाडी होती आणि चाकांवरून जाणाऱ्या स्त्रिया व सैनिक होते. मुंबईकरांनी पडद्यावर जे पहिले परके जग पाहिले, त्यात रहदारी होतीच.

प्रस्तुत चित्रफितीचे पहिले वैशिष्ट्य तिच्या संथपणात आहे आणि त्याचे कारण वाहनाच्या रचनेत सापडते. मार्केट स्ट्रीटच्या पोटात एक पोलादी दोर अखंड फिरत असे. रुळांमधल्या फटीतून खाली सोडलेल्या पकडीने केबल कार तो दोर धरी व पुढे सरके. दोराचा वेग एकच असल्यामुळे गाडीची चालही एकसारखी असे. घोडा बिचकतो, मोटार धक्के खाते. ही गाडी मात्र शांतपणे पुढे जात राहते. त्यामुळे आपली नजरही घाईत नसते. दूरवर फेरी बिल्डिंगचा घड्याळाचा मनोरा एखाद्या काठीएवढा दिसतो आणि चित्रफितीच्या अखेरीपर्यंत हळूहळू वाढत जातो. संपूर्ण चित्रणाला हा मनोरा एक दिशा देतो, आणि कथा नसतानाही आपण कोठेतरी पोहोचत आहोत असे वाटत राहते.

आणि या सरळ वाटेवर दोन्ही बाजूंनी माणसे येत असतात. केबल कारगाड्या समोरून येतात व बाजूने निघून जातात. मालाने लादलेल्या घोडागाड्या रूळ ओलांडतात. मोटारी मध्येच घुसतात, सायकलस्वार त्यांच्यामधून वाट काढतात. एखादा गृहस्थ धावत्या गाडीच्या अगदी पुढून, मागे वळूनही न पाहता, शांतपणे रस्ता ओलांडतो. एक पोरगा मोटारीच्या मागच्या बाजूला लटकून फुकटची सफर करतो. वाहतुकीचे दिवे नाहीत. पहिला विजेचा वाहतूक-दिवा अमेरिकेत क्लीव्हलँड शहरी १९१४ साली लागला. रस्त्यावर आखलेले पट्टे नाहीत, पादचाऱ्यांसाठी राखून ठेवलेली जागा नाही. रस्ता सर्वांचा आहे आणि प्रत्येक जण तो आपलाच समजून चालतो आहे.

येथे आजच्या प्रेक्षकाला हसू येते. परंतु थोडे निरखून पाहिले, तर या गोंधळातही एक अलिखित शिस्त आढळते. माणसे एकमेकांकडे पाहतात. गाडीवान लगाम किंचित खेचतो, पादचारी अर्धे पाऊल थबकतो, सायकलस्वार अंग चोरतो, आणि तिघेही आपापल्या वाटेने जातात. पुढे वाहने वेगवान झाली, नियम आले, दिवे आले आणि ते आवश्यकही होते. वेगवान मोटारींच्या रस्त्यावर केवळ नजरेच्या भरवशावर जीव सोपवता येत नाही. तरीही दुसऱ्याच्या नजरेला नजर देऊन त्याला वाट करून देण्याचा तो व्यवहार किती जिवंत होता, याचा पुरावा या चित्रफितीइतका स्पष्टपणे क्वचितच मिळतो.

मात्र हा पुरावा सर्वस्वी निखळ आहे काय? अभ्यासकांनी चित्रफितीतील मोटारी एकेक करून तपासल्या, तेव्हा असे आढळले, की त्यांतील बहुतेक मोटारी पुन्हा पुन्हा येतात. कॅमेऱ्यापुढून जायचे, वळसा घालायचा आणि पुन्हा समोर यायचे, असा त्यांचा क्रम आहे. एक मोटार तर दहा वेळा दिसते. त्या काळी सॅन फ्रान्सिस्कोत मोटार ही अजून नवलाईची वस्तू होती. आपले शहर आधुनिक व भरभराटीचे दिसावे, म्हणून निर्मात्यांनीच ही रहदारी योजली असावी, असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला आहे.

म्हणजे ही लबाडी झाली. तिच्यामुळे चित्रफितीचे मोल उणे होते, असे काहींना वाटेल. प्रस्तुत लेखकाला तसे वाटत नाही. पाहुणे येणार म्हणून घरातील चांगली चादर काढून अंथरावी, तशा या मोटारी आहेत. त्या शहराची वस्तुस्थिती सांगत नसतील. शहराची हौस मात्र सांगतात. शिवाय योजलेल्या मोटारींच्या भोवती जे घडते, ते कोणी योजलेले नाही. कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारी पोरे, टोपी सावरणारा वृद्ध, घोड्याच्या लगामाशी झटणारा गाडीवान यांना कोणी शिकवून उभे केलेले नाही. निर्मात्याचे लक्ष मोटारींवर होते. आपले लक्ष वेधून घेतात ती मात्र त्याने न बोलावलेली माणसे. अशा चित्रणांत सत्य पुष्कळदा चौकटीच्या कडेने आत शिरते.

चित्रफितीची खरी मर्यादा वेगळीच आहे. मार्केट स्ट्रीटवरील ज्या फटीतून केबल कार दोर पकडी, ती फट त्या शहराची सामाजिक सीमारेषा होती. तिच्या उत्तरेस बँका, हॉटेले व मोठी दुकाने. दक्षिणेस कारखाने, गोदामे आणि कामगारांची स्वस्त भाड्याची बिऱ्हाडे. त्या दक्षिण भागाला लोक ‘फटीच्या दक्षिणेकडचा’ असेच म्हणत. जॅक लंडन यांनी १९०९ साली याच नावाची एक कथा लिहिली. कॅमेरा नेमका या सीमारेषेवरून पुढे सरकतो आणि दोन्हींपैकी एकाही बाजूला वळून पाहत नाही. त्याच्यासमोर दोन्ही बाजूंची माणसे एकाच रस्त्यावर मिसळलेली दिसतात. ती संध्याकाळी कोणत्या घरी परततात, ते दिसत नाही. राजरस्त्याचे चित्रण म्हणजे शहराचे चित्रण नव्हे, एवढे भान प्रेक्षकाने ठेवले पाहिजे.

आता त्या गोष्टीकडे वळू, जिच्यामुळे ही चित्रफीत जगभर गाजली. बुधवार, १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी सॅन फ्रान्सिस्कोला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. मागोमाग आगी लागल्या आणि त्या तीन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिल्या. सुमारे चार लाख वस्तीच्या त्या शहरात दोन लाखांहून अधिक लोक बेघर झाले, अठ्ठावीस हजारांवर इमारती नष्ट झाल्या आणि मृतांची संख्या तीन हजारांच्या वर गेली, असे आज मानले जाते. फटीच्या दक्षिणेकडची, भराव घातलेल्या जमिनीवरची स्वस्त बिऱ्हाडे कोसळून अनेक माणसे गाडली गेली. १८७५ साली उघडलेले, चित्रफितीत उजव्या हाताला दिसणारे पॅलेस हॉटेल जळाले. माइल्स बंधूंचा मार्केट स्ट्रीटवरील स्टुडिओही आगीत गेला. मूळ चित्रफीत वाचली, ती त्याआधीच न्यूयॉर्ककडे रवाना झाली होती म्हणून.

ही चित्रफीत १९०५ च्या उन्हाळाअखेरची आहे, असा समज अनेक वर्षे रूढ होता. डेव्हिड कीन या चित्रपट-इतिहासकाराला त्यात रस्त्यावर साचलेले पाणी दिसले. मग त्याने जुन्या वृत्तपत्रांतील हवामानाच्या नोंदी चाळल्या. १९०५ च्या त्या महिन्यांत तेथे पाऊस नव्हता. एका मोटारीच्या क्रमांकावरून तिची नोंदणी १९०६ च्या आरंभीची असल्याचे त्याला आढळले. अशा बारीकसारीक खुणा जुळवून त्याने चित्रणाचा काळ भूकंपाच्या अगदी अलीकडे, अवघ्या काही दिवसांवर आणून ठेवला. आज सामान्यतः १४ एप्रिल ही तारीख दिली जाते. त्या वर्षी ईस्टर १५ एप्रिलला होता. म्हणजे ही तारीख धरली, तर तो पुनरुत्थानाच्या सणाच्या आदल्या दिवसाचा शनिवार ठरतो. २०१० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहीत या चित्रफितीचा समावेश झाला.

एका डबक्यावरून लागलेला हा शोध समीक्षेच्या दृष्टीने मोलाचा आहे. चित्रफितीतील एकही दृश्य बदलले नाही, पण ती पाहणाऱ्याचे मन बदलले. पूर्वी जो रस्ता केवळ गजबजलेला वाटे, तो आता करुण वाटू लागला. रस्ता ओलांडणाऱ्या प्रत्येकाकडे पाहून आपण मनात म्हणतो, ‘अरेरे, याला ठाऊक नाही!’ ही करुणा स्वाभाविक आहे. पण तिच्यात एक सूक्ष्म अन्याय दडलेला आहे. त्या माणसांचे आयुष्य आपण त्यांच्या संकटापुरते उरवतो. तो वृद्ध, तो पोरगा, ती छत्री घेतलेली स्त्री ही भूकंपाची पूर्वपीठिका म्हणून रस्त्यावर आलेली नव्हती. कोणाला बोट गाठायची होती, कोणाला बाजार करायचा होता, कोणाला पगार घेऊन घरी जायचे होते. त्यांतील बहुतेक जण भूकंपातून वाचले असणार; चार लाखांतील तीन हजार हा आकडा भयंकर असला, तरी गणित तसेच सांगते. ज्यांना जगायचे होते आणि जे जगले, त्यांनाही आपण आपल्या हळहळीत मरणोन्मुख करून टाकतो.

कॅमेऱ्याजवळ ही दया नव्हती, आणि त्याचे न जाणणेच येथे उपकारक ठरले आहे. पुढील अनर्थ ठाऊक असता, तर निर्मात्याने कोसळणाऱ्या इमारतींवर कॅमेरा रोखून धरला असता, एखाद्या चेहऱ्यावर थांबला असता. येथे तसे काही नाही. थोर हॉटेलाला जेवढा वेळ मिळतो, तेवढाच एका वृत्तपत्र विकणाऱ्या पोराला मिळतो. ही समदृष्टी कोणा कलावंताने ठरवून आणलेली नाही. ती दोराच्या एकसारख्या वेगातून आली आहे. तरीही परिणाम म्हणून ती मोठी आहे.

अलीकडच्या काळात संगणकाच्या साहाय्याने या चित्रफितीला रंग दिले गेले, हालचाल गुळगुळीत केली गेली, घोड्यांच्या टापांचे व घंटांचे आवाज जोडले गेले. तशा आवृत्त्या लोकप्रिय झाल्या. नव्या पिढीला त्यामुळे ही चित्रफीत पाहावीशी वाटत असेल, तर त्यात आनंदच आहे. पण तो रंग त्या झग्याचा नाही आणि तो आवाज त्या घोड्याचा नाही. दोन्ही अंदाज आहेत. १९०६ च्या निर्मात्यांनी मोटारी फिरवून रस्ता सजवला, आपण रंग भरून सजवतो. त्यांची सजावट आपण ओळखून काढली. आपली सजावट प्रेक्षकाला स्पष्ट सांगितली गेली पाहिजे. मूळ चित्रफीत निदान एकदा तरी कृष्णधवल आणि निःशब्द पाहावी. त्या शांततेत प्रेक्षकाला आपणहून लक्ष द्यावे लागते, आणि लक्ष देण्यातूनच ते पाण्याचे डबके सापडले होते.

भूकंपानंतर माइल्स बंधूंनी त्याच शहराच्या अवशेषांचेही चित्रण केले. त्यातील हरवलेली समजली जाणारी सुमारे नऊ मिनिटांची चित्रफीत जुन्या बाजारात सापडली आणि २०१८ साली कॅलिफोर्नियातील नाइल्स येथे दाखवली गेली. दोन्ही चित्रफिती लागोपाठ पाहण्याचा मोह होतो. मात्र पहिली चित्रफीत दुसरीची प्रस्तावना होऊ नये. मार्केट स्ट्रीटवरील केबल कार भूकंपानंतर पुन्हा सुरू झाली नाही. तिच्या जागी विजेच्या ट्रामगाड्या आल्या. १८९८ साली बांधलेल्या फेरी बिल्डिंगचा मनोरा मात्र टिकला आणि आजही उभा आहे. त्या तेरा मिनिटांत सर्व जण त्याच्याच दिशेने किंवा त्याच्याकडून येत-जात असतात. त्यांना त्यांच्या कामाला जाऊ द्यावे, आणि जाताना त्यांच्याकडे नीट पाहावे.