माशाचं नाव काय? : गळाच्या लेखनाची एक समीक्षा

समीक्षेचं व्याख्यान आणि विषय गळाने मासे धरण्याचा, हे जरा विचित्र वाटेल. म्हणून आधीच सांगतो, मासे कसे धरावेत हे आम्ही आज सांगणार नाही. मासे धरण्याबद्दल जे लिहिलं गेलं, आणि आता जे चित्रित केलं जातं, ते आपण वाचणार आहोत. जागा आपलीच आहे, नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. प्रवरा, मुळा, घोड, गोदावरी या नद्या आणि त्यांच्यावरची धरणं.

वाचायला तीन मजकूर घेतले आहेत. पहिला, कर्नल विल्यम हेन्री सायक्स यांचा दख्खनच्या माशांवरचा निबंध, १८३९ सालचा. दुसरा, हेन्री सलिव्हन थॉमस यांचं ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक, पहिली आवृत्ती १८७३. तिसरा मजकूर छापलेला नाहीच. मुळा धरणाच्या, भंडारदऱ्याच्या, नाथसागराच्या फुगवट्यावर हौशी मंडळी मोबाइलवर जे व्हिडिओ करतात, तो. तिन्हींना आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत: या माशाचं नाव काय, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलं? प्रश्न साधा दिसतो. पण त्याचं उत्तर चुकलं की काय होतं, याचं एक मोठं उदाहरण पुढे येईल.

आधी आपल्या भाषेकडे बघू. मराठीत गळ आहे, पण तो बराचसा बदनाम आहे. ‘गळाला लागला’ असं वर्तमानपत्रात वाचलं की आपल्याला नदी आठवत नाही, पक्ष बदललेला पुढारी आठवतो. मासा आपल्या साहित्यात येतो तो कोकणातल्या ताटात, नाहीतर संतांच्या दृष्टांतात, पाण्यावाचून तळमळताना. देशावरचा, नदीतला मासा, आणि त्याची वाट पाहत काठावर काढलेली दुपार, यांच्यावरचं मराठी गद्य आमच्या वाचनात फार थोडं आलं. त्यामुळे हौशी माणूस जेव्हा या छंदाबद्दल बोलायला लागतो, तेव्हा त्याच्याकडे आपल्या भाषेतला नमुना नसतो. तो नमुना इंग्रजीतून घेतो, आणि नमुन्याबरोबर त्याची नजरही येते.

आता सायक्स. मुंबई सरकारने त्यांना १८२४ मध्ये सांख्यिकी अधिकारी नेमलं. काम दख्खनची पाहणी करण्याचं. शेती, सारा, माणसं मोजता मोजता त्यांनी पक्षी आणि मासेही नोंदवले. त्यांचा निबंध वाचताना पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती माशांची नावं. लॅटिन साच्यात बसवलेले ते शब्द चक्क मराठी आहेत. खुदरी, मुसुल्ला, कोलस, नुक्ता, मुल्या, सिंघाला. सिंघाला म्हणजे आपला शिंगाळा, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. नुक्ता हा शब्द आम्ही ‘नकटा’ असा वाचतो. त्या माशाच्या नाकाडावर आडवी खोल खाच असते. म्हणजे हे नाव ज्याने ठेवलं त्याने मासा हातात घेऊन नीट पाहिला होता. हे पाहणं साहेबाच्या आधीचं आहे. जाळं टाकणाऱ्या भोयाचं, कोळ्याचं आहे.

सायक्स यांचा मोठेपणा असा, की त्यांनी ते शब्द फेकून दिले नाहीत. त्यांच्या जागी सगळीकडे नवी नावं घालता आली असती. काही ठिकाणी त्यांनी घातलीही. ओवेन, यॅरेल, चिल्ड्रन या विलायतेतल्या विद्वानांची आडनावं आपल्या नद्यांतल्या माशांना लागली. पण ज्यांनी मासे आणून दिले असतील, त्यांच्यापैकी कुणाचं आडनाव एकाही माशाला लागलं नाही. शब्द घेतला, शब्द सांगणारा घेतला नाही. या निबंधाची ताकद आणि त्याची उणीव एकाच जागी आहे.

दुसरी गोष्ट ठिकाणांची. खुदरीची नोंद पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेवर आहे. नगरकरांसाठी खुलासा करतो, ही पुण्याची मुळा. हरिश्चंद्रगडाकडून येणारी आणि राहुरीजवळ अडवलेली आपली मुळा वेगळी. मुसुल्ल्याची नोंद मात्र आपल्या उंबऱ्यावरची आहे: घोड नदी, शिरूर. शिरूरचा पूल ओलांडला की नगर जिल्हा लागतो. ही दोन नावं लक्षात ठेवा, खुदरी आणि मुसुल्ला.

थॉमस हे मद्रास इलाख्यातले सनदी अधिकारी. त्यांच्या पुस्तकात नगरचं पाणी शोधू नका, ते दक्षिणेचं आहे. पण हिंदुस्थानातल्या गळाच्या लेखनाला वळण लावलं ते याच पुस्तकाने. महसीर हा मासा विलायतेतल्या सामनपेक्षा सरस झुंज देतो, ही त्यांची बाजू. काठी कशी असावी, दोरा किती, आमिष कोणतं, मासा ओढ घ्यायला लागला की किती सोडायचं, हे ते इतक्या बारकाईने आणि इतक्या मजेत सांगतात की मासे न खाणाऱ्यानेही वाचावं. माशांच्या नाशाबद्दलही ते कळकळीने लिहितात. पाण्यात विष कालवणं, बारीक डोळ्याच्या जाळ्यांनी पिल्लं उपसणं, याविरुद्ध त्यांनी सरकारदरबारी बरंच लिखाण केलं. पुढे १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंग आणि विष वापरून मासे मारायला बंदी आणली.

मग आमची तक्रार कशाबद्दल? तक्रार त्या लेखनातल्या माणसांच्या मांडणीबद्दल. या परंपरेत नदीवर दोन प्रकारची माणसं असतात. एक काठीवाला. तो खेळाडू, त्याला संयम, त्याला माशाबद्दल आदर. दुसरा जाळेवाला. तो पोटासाठी मासे मारतो, म्हणून नाश करणारा. वाटाड्या म्हणून, ओझी वाहायला, डोह दाखवायला जाळेवाला चालतो. नदीबद्दल त्याचं म्हणणं काय, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि ज्या बांधांनी नद्यांची चढण बंद केली ते पोटासाठी जाळं टाकणाऱ्याने घातलेले नव्हते. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं विल्सन धरण १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. पावसाळ्यात वर चढून खडकाळ, वाहत्या पाण्यात अंडी घालणाऱ्या माशाला अशी भिंत काय करते, हे सांगायला नको.

आता ते उदाहरण. दक्षिणेत कावेरी नदीत एक अवाढव्य महसीर आहे, पाठीला वशिंड असलेला. गळवाल्यांच्या जगात तो प्रसिद्ध. अनेक वर्षं पुस्तकांत आणि शास्त्रीय याद्यांत त्याला नाव होतं टॉर मुसुल्ला. म्हणजे घोड नदीवरचं, शिरूरचं नाव कावेरीच्या माशाला चिकटलं होतं. सायक्स यांचा मुसुल्ला महसीरच्या कुळातलाच नाही, तो हिप्सेलोबार्बस या वेगळ्या गटातला आहे, हे २०१३ नंतरच्या अभ्यासांत मांडलं गेलं. तोवर कावेरीच्या त्या माशाला स्वतःचं नावच नव्हतं म्हणा ना.

इकडे नाव चुकलेलं, तिकडे काय चाललं होतं? १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर, खुदरीची कृत्रिम पैदास सुरू झाली. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांच्यासारखे जाणकार त्यामागे होते. काम खरोखर अवघड आणि मोलाचं. त्यातून तयार झालेलं बोटुकलं, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, इतर राज्यांतही गेलं आणि कावेरीतही सोडलं गेलं. महसीर कमी झाला आहे ना, मग महसीर सोडा, असा हिशोब. पण तो तिथला महसीर नव्हता. निळसर परांचा खुदरी कावेरीत माजला, आणि वशिंडवाला दिसेनासा होत गेला. धरणं, वाळूउपसा, सुरुंग ही कारणं होतीच, त्यांत याची भर पडली. २०१८ मध्ये त्या माशाची ओळख टॉर रेमादेवी अशी पक्की झाली, आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत तो थेट अतिसंकटग्रस्त म्हणून दाखल झाला. त्याच यादीत आधी संकटग्रस्त असलेला खुदरी आता कमी चिंतेच्या गटात गेला आहे.

बघा, नाव गेलं घोडेवरून, मासा गेला मुळा-मुठेच्या जातीचा, आणि दोन्ही चांगल्या हेतूने. कावेरीवरच्या गळवाल्यांनी धरलेला मासा सोडून देण्याची शिस्त पाळली होती, वजनं लिहून ठेवली होती. पुढे त्याच नोंदींतून संशोधकांना हा बदल मोजता आला, हे त्यांचं श्रेय नाकारू नये. पण नाव चुकलेलं असलं की संवर्धनसुद्धा चुकतं, हे या प्रकरणात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचित दिसतं.

हे डोक्यात ठेवून तिसऱ्या मजकुराकडे येऊ. मुळा धरण, ज्ञानेश्वरसागर, २६ टीएमसीचं पाणी. भंडारदरा, ११ टीएमसी. आणि शेवगाव-नेवाशाच्या बाजूला नाथसागराचा फुगवटा. इथल्या व्हिडिओंचा एक ठरलेला घाट असतो. आधी सामान. रॉड, रील, ब्रेडेड दोरा, लूर, त्यांच्या किमती. मग प्रवास, पहाटेचा चहा, गाडी. मग काठ. मग झुंज, आणि शेवटी वजनकाट्यावर मासा, टाळ्या, आणि मासा परत पाण्यात. थॉमस यांच्या प्रकरणांचा क्रम जवळपास हाच, हे ही मुलं थॉमस न वाचताच करतात.

यात आवडण्यासारखं पुष्कळ आहे. पोरं घराबाहेर पडतात, तासन्‌तास गप्प बसतात, आपल्या बोलीत बोलतात. सिन्नर-संगमनेरकडचा हेल कानाला गोड लागतो. मासा सोडून द्यावा हा विचार त्यांनी गावागावांत पोचवला. हे थोडं नाही.

खटकतं ते पुढे. धरलेला मासा बहुधा ‘मॉन्स्टर’ असतो, ‘जंबो’ असतो. नाव आलंच तर कटला, नाहीतर चिलापी. आता चिलापी म्हणजे तिलापिया, आफ्रिकेतला मासा, आपल्या देशात १९५२ मध्ये आणलेला. कटला, रोहू, मृगळ हे गंगेकडचे, धरणात बीज सोडून वाढवलेले. सायप्रिनस परदेशी. तेव्हा चिलापीला हळुवार हातांनी मुळेच्या पाण्यात परत सोडायचं आणि खाली ‘निसर्ग वाचवा’ लिहायचं, यात काय वाचलं? कावेरीवर जे मोठ्या प्रमाणात झालं त्याचीच ही छोटी आवृत्ती आहे. कृती बरोबर, विधी सुंदर, नाव गायब.

आणि चौकटीच्या कडेला कधीकधी एक पोरगं दिसतं. वेळूची काठी, तंगूस, गांडूळ. किंवा ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं ओढणारा माणूस. कॅमेरा त्याच्यावरून सरकून पुढे जातो. या जलाशयांतल्या मासेमारीचा हक्क ठेक्याने दिला जातो, बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना. बीज त्यांच्या पैशाचं. म्हणजे आपण ज्या माशाशी झुंजलो तो कुणाच्यातरी हिशोबाच्या वहीत आहे. त्या संस्थेचं नाव, तिची परवानगी, हे व्हिडिओत सहसा येत नाही. मरळ, वाम, शिंगाळा कुठे उरलेत, कधी दिसतात, हे सांगू शकणारा माणूस मागे बसलेला असतो, आणि निवेदक मात्र रीलची किंमत सांगत असतो.

कुणी म्हणेल, छंद आहे, त्याला शास्त्राचं ओझं कशाला? आम्ही पक्षी पाहणाऱ्यांकडे बोट दाखवू. तोही छंदच. पण मारुती चितमपल्लींनी पक्षीकोश केला, बोलीतली नावं गोळा केली, आणि आज नाथसागरावर जाणारा शाळकरी मुलगासुद्धा ‘मोठा पक्षी दिसला’ असं सांगत नाही. तो नाव सांगतो, तारीख सांगतो, किती होते ते सांगतो. त्याची मजा त्याने कमी झाली नाही, वाढली.

तर गळाच्या मराठी मजकुराला, मग तो छापील असो वा चित्रित, आम्ही काही साध्या कसोट्या लावू. माशाचं नाव आहे का, आणि ते काठावरच्या माणसाकडून घेतलं का? पाणी कुणाच्या ठेक्याचं, परवानगी घेतली का? पहिल्या पावसात अंड्यांवर असलेले चढणीचे मासे धरण्याचा ऋतू त्याने टाळला का? सामानाबद्दल बोलताना तीन तोंडांच्या गळाऐवजी एकच, बिनकाट्याचा गळ वापरा, हात ओले करून मासा धरा, एवढं तरी सांगितलं का? आणि दुर्मीळ मासा सापडला तर त्याचा डोह जगजाहीर करण्याचा मोह आवरला का? महाडजवळच्या वाळण कोंडीत आणि वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेत लोकांनी देवाच्या नावाने मासे राखले आहेत. त्या डोहांचे पत्ते सगळ्यांना ठाऊक आहेत, कारण तिथे राखण करणारं गाव आहे. बाकीच्या डोहांना तसं कुणी नाही.

शेवटी एक काम सुचवतो. शिरूरच्या पुलाखाली घोड नदीत आज कोणते मासे मिळतात, त्यांना दोन्ही काठांवर काय म्हणतात, आणि हे कुणी सांगितलं, अशी यादी करावी. श्रीगोंदा-पारनेरकडच्या कुणालाही वर्षभरात जमेल. सांगणाऱ्याची संमती असेल तर त्याचं नाव यादीत वर, करणाऱ्याचं खाली. सायक्स यांच्या निबंधापुढे ठेवून वाचायला ती आम्हाला हवी आहे.

आता प्रश्न घेऊ.