डॉक्टर येतीलच, बसा!

दवाखान्यात पाऊल टाकलं की कंपाउंडर मान वर न करता एक वाक्य म्हणतो, “डॉक्टर येतीलच, बसा.” या वाक्यावर भरवसा ठेवून माणूस फार तर दीड तास बसतो, कव्हर फाटलेली दोन मासिकं वाचतो, शेजारच्या रोग्याच्या दम्याची कुळकथा ऐकतो आणि उठून घरी जातो. इंग्लंडातली काही माणसं मात्र सोळा वर्षं बसून राहिली. आणि गंमत म्हणजे कंपाउंडरनं त्यांना ‘बसा’ म्हटलंच नव्हतं!

हे डॉक्टर म्हणजे बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथा-मालिकेचे नायक. यांना नाव नाही, पदवी कुठली ते ठाऊक नाही, आणि फी घेताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. परग्रहावरचे हे गृहस्थ पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यात बसून काळात आणि अवकाशात वाटेल तिथं जातात. खोकं बाहेरून कपाटाएवढं, आतून प्रचंड. या कल्पनेनं इंग्रज प्रेक्षक थक्क होतात. गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत अकरा माणसं, एक शिवणयंत्र आणि गावाकडून आलेले पाहुणे मावताना ज्यांनी पाहिलंय, त्यांनी थक्क व्हायचं कारण नाही.

ही मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली, १९८९ साली थांबली, २००५ साली परत आली आणि ३१ मे २०२५ च्या भागानंतर पुन्हा थबकली. मग त्या वर्षीच्या ऑक्टोबरात बीबीसीनं जाहीर केलं, की डिस्नेबरोबरची भागीदारी संपली; पण २०२६ च्या नाताळासाठी रसेल टी. डेव्हिस यांनी लिहिलेला एक खास भाग येईल. झालं! मंडळी पुन्हा बाकावर येऊन बसली.

आता तुम्ही म्हणाल, परीक्षण मालिकेचं करायचं का प्रेक्षकांचं? रीत पहिलीची आहे, हे मलाही ठाऊक आहे. पण या मालिकेत पडद्यासमोरचे कोण आणि पडद्यामागचे कोण हे ठरवणं अवघड आहे. तेव्हा दोघांनाही एकाच परीक्षणात बसवतो. खोकं आतून मोठं आहेच.

मुळात ही मालिका जगली याचंच नवल. कल्पना सिडनी न्यूमन या कॅनेडियन अधिकाऱ्याची. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, तिशीच्या आतली तरुणी. आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, लखनौला जन्मलेला, लेखिका अतिया हुसेन यांचा मुलगा, पंचविशीही न गाठलेला. एक परदेशी, एक बाई आणि एक लखनवी पोरगा! त्या काळच्या बीबीसीतल्या टायवाल्या मंडळींनी भुवया किती वर नेल्या असतील, ते पाहायला टेलिफोन-खोकंच हवं. पहिला भाग लागला तो केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. देश सुन्न, कार्यक्रम मिनिटभर उशिरा. म्हणून पुढच्या शनिवारी तो भाग पुन्हा दाखवावा लागला. न्यूमनसाहेबांची सक्त ताकीद होती की बटबटीत डोळ्यांचे राक्षस नकोत. दुसऱ्याच कथेत टेरी नेशन या लेखकानं ‘डेलेक’ नावाचे, मिरपुडीच्या डबीसारखे दिसणारे यांत्रिक राक्षस आणले आणि मालिका तरली. साहेबाची ताकीद मोडल्यामुळे खात्याचं कल्याण झाल्याचं उदाहरण सरकारी नोकरांनी जपून ठेवावं.

पण खरी युक्ती पुढची. १९६६ साली पहिले डॉक्टर, विल्यम हार्टनेल, प्रकृतीमुळे काम करीनासे झाले. आपल्याकडं नाटकातला नट बदलला की पहिल्या रांगेतला काका मध्यंतरात बटाटेवडा खाताना म्हणतोच, “छे! पहिल्याची सर नाही.” इथं लेखकांनी त्या काकाची तक्रारच कथेत घेतली. डॉक्टर मरत नाहीत, कायापालट करतात. चेहरा नवा, स्वभाव नवा, माणूस तोच. एका म्हाताऱ्या नटाच्या आजारपणातून निघालेली ही तोड म्हणजे या मालिकेनं नाट्यकलेला दिलेली सर्वांत मोठी देणगी आहे, असं मी गांभीर्यानं म्हणतो. कारण तिच्यामुळं मालिकेला मरणाची सोय उरली नाही. आणि ज्याला मरण नाही, त्याची वाट पाहणं कधी थांबवायचं, हे कोणालाच सांगता येत नाही.

माझा एक मावसभाऊ १९७१ साली लेस्टरला गेला. मी त्याला दादा म्हणतो. भाड्याच्या खोलीत राहायचा, आणि शनिवारी संध्याकाळी घरमालकिणीच्या दिवाणखान्यात टीव्ही पाहायची त्याला परवानगी होती. तिची नातवंडं डेलेक आला की सोफ्यामागं लपायची, आणि हा आमचा एम.एस्सी. झालेला भाऊ कडेला स्टुलावर ताठ बसून पाहायचा. १९७४ साली लांबलचक मफलर घातलेले टॉम बेकर डॉक्टर झाले. त्या मफलरची कथा अशी की विणणारणीकडं लोकर भरपूर दिली होती. त्यातली हवी तेवढी घ्यायची हे तिला कोणी सांगितलं नाही, तिनं सगळी विणून टाकली! पुढं वहिनी लेस्टरला गेल्या, तेव्हा दादानं त्यांना तसाच मफलर विणायला लावला. संसाराची सुरुवात माणसं मंगळागौरीनं करतात, यांनी मफलरनं केली.

एकदा मी त्याला विचारलं, “दादा, तू शिकलेला माणूस. त्या मिरपुडीच्या डब्यांत तुला एवढं काय दिसतं रे?”

तो म्हणाला, “तुला नाही कळायचं. दुसऱ्या ग्रहावरनं आलेला माणूस. इथले कपडे घालतो, इथली भाषा बोलतो, सगळ्यांच्या उपयोगी पडतो. आणि त्याला घरी काही जाता येत नाही. मी स्टुलावर बसून कोणाला बघत होतो असं तुला वाटतं?”

यावर मी विनोद करणार होतो, पण वहिनी मफलरची घडी घालत होत्या, म्हणून गप्प बसलो.

तर अशी माणसं वाट पाहत होती. १९८५ साली बीबीसी-वनचे तेव्हाचे प्रमुख मायकेल ग्रेड यांनी मालिकेला दीड वर्षाची सक्तीची रजा दिली, तेव्हा चाहत्यांच्या पुढाकारानं निषेधाची गाण्याची तबकडीसुद्धा निघाली. ती चालली नाही. १९८९ साली तर कोणी ‘बंद’ असंही म्हटलं नाही. डिसेंबरात शेवटचा भाग झाला. त्यात डॉक्टर आणि त्यांची सोबतीण चालत दूर जातात, आणि कुठंतरी चहा गार होतोय अशा अर्थाचं काहीतरी बोलतात. चहा गार होऊ देऊन माणूस गेला म्हणजे तो लगेच परत येणार, असा आपण अर्थ लावतो. इंग्रजांनीही लावला. मध्ये १९९६ साली अमेरिकेच्या भागीदारीत एक चित्रपट आला. तो पाहुण्यासारखा आला, जेवला आणि गेला.

इथं वाट पाहणाऱ्यांचे दोन पंथ पडतात, आणि माझ्या परीक्षणाचा मुद्दा हाच आहे. पहिला पंथ हातांचा. ‘डॉक्टर येईनात, तर आपण तोवर औषधं कुटू’ असं म्हणणारा. यांनी १९९१ पासून कादंबऱ्या लिहिल्या, १९९९ पासून जुन्या नटांना घेऊन ध्वनिनाट्यं काढली. त्यांतली एक कादंबरी, १९९६ सालची, रसेल टी. डेव्हिस यांची. याच डेव्हिसनी २६ मार्च २००५ ला मालिका परत आणली, आणि पहिल्याच रात्री एक कोटीच्या वर लोकांनी ती पाहिली. पुढं डॉक्टर झालेला डेव्हिड टेनंट लहानपणी हीच मालिका पाहून नट व्हायचं ठरवून बसलेला. पीटर कपाल्डीचं मालिकेविषयीचं पत्र ‘रेडिओ टाइम्स’मध्ये १९७४ साली छापून आलं होतं, २०१३ साली तो स्वतःच डॉक्टर झाला. दवाखान्यातले रोगीच आत जाऊन खुर्चीवर बसले म्हणायचे!

दुसरा पंथ वहीचा. हे लोक हिशेब ठेवतात. कोणत्या भागात कोणती गोष्ट तिसऱ्या डॉक्टरांच्या बोलण्याशी जुळत नाही, हे यांना कोर्टातल्या शिरस्तेदारासारखं पाठ. १९८६ साली बीबीसीच्याच एका कार्यक्रमात ख्रिस चिबनल नावाच्या सोळा वर्षांच्या मुलानं लेखकांसमोर बसून मालिकेची खरडपट्टी काढली होती. २०१८ साली हाच चिबनल मालिकेचा सूत्रधार झाला, आणि देशभरच्या सोळा वर्षांच्या मुलांनी त्याची काढली. याला न्याय म्हणा, काव्य म्हणा, किंवा सासू-सून म्हणा.

सांगायचं ते असं, की भक्तच पुजारी झाला की देवाची पंचाईत होते. त्याला नैवेद्य भक्ताच्या आवडीचा मिळतो. अलीकडच्या हंगामांत नेमकं हेच झालं. २०२४ साली शेवटाला खलनायक आला तो १९७५ चा सुतेख. २०२५ साली आली राणी, ती १९८५ ची, आणि पाठोपाठ ओमेगा, तो १९७२-७३ चा. (राणी हे नाव ऐकून आपला ऊर भरून येतो, पण बाई परग्रहावरच्याच आहेत.) वहीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. सोफ्यामागं लपायला आलेलं आठ वर्षांचं पोर मात्र विचारत राहिलं, “बाबा, हा कोण?” बाबा समजावून सांगेपर्यंत खलनायक मेलेला. लग्नघरात सगळे एकमेकांना ‘ओळखलंस का?’ विचारत असतात आणि मुलाकडं कोणी लक्ष देत नाही, तसला हा प्रकार. आणि शेवट? शुटी गॅटवा या डॉक्टरांचा कायापालट झाला आणि समोर उभी बिली पायपर, २००५ साली डॉक्टरांची सोबतीण झालेली नटी. श्रेयनामावलीत तिचं नाव आलं, पण डॉक्टरांच्या भूमिकेत असं काही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे पुढं कोण येणार याचं उत्तर मागचीच ओळखीची मुद्रा! आठवणीलाच कल्पना समजणं हा म्हातारपणाचा दोष आहे, आणि साठी उलटलेल्या या मालिकेला तो जडला आहे.

तरी वहीवाल्यांना मी फार बोलणार नाही. कारण एक गोष्ट. साठीच्या दशकातल्या कितीतरी भागांच्या फिती बीबीसीनंच पुसून टाकल्या. फीत महाग, जागा अपुरी, आणि जुनं पुन्हा कोण बघतंय? चाहते मात्र शोधत राहिले. २०१३ साली नायजेरियात सापडलेले नऊ भाग परत आल्याची बातमी आली, तेव्हा हरवलेली पोरं घरी आल्यासारखा आनंद झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी की हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज शिल्लक आहे, कारण त्या वेळी काही पोरांनी घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून तो टिपून ठेवला होता. परत कधी दिसेल याची खात्री नाही, म्हणून त्यांनी ऐकून ठेवलं. संस्थेनं चित्र टाकलं, पोरांनी आवाज सांभाळला. जगातल्या कोणत्याही समीक्षकानं कोणत्याही कलाकृतीसाठी याहून जास्त काही केल्याचं माझ्या वाचनात नाही.

म्हणून परत येणाऱ्या डॉक्टरांकडं, आणि त्यांना लिहिणाऱ्या मंडळींकडं, माझं एकच मागणं आहे. १९६३ च्या त्या पहिल्या भागात दोन शिक्षक एका विचित्र विद्यार्थिनीच्या मागोमाग भंगाराच्या आवारात शिरतात, आणि हा खोकसणारा, खवट म्हातारा कोण, हे ना त्यांना ठाऊक असतं, ना प्रेक्षकाला. सगळी मजा त्या न ठाऊक असण्यात होती. तेवढं न ठाऊक असणं परत आणा. जुनी राणी, जुना ओमेगा, जुने चेहरे सगळे भंगारात ठेवा. वहीवाले सांभाळतील, त्यांना सवय आहे.

दादाचं म्हणणं याहून थोडं वेगळं आहे. तो म्हणतो, “कोणीही येऊ दे रे. फक्त शनिवारी ये म्हणावं.”