मुक्ता साळवे यांचा निबंध : शिकणाऱ्याचे ऋण

शिक्षणाच्या प्रयोजनावर मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु ते बहुधा शिकविणाऱ्यांचे. शिकणाऱ्याच्या लेखणीतून उतरलेला एक छोटा निबंध मात्र त्या साऱ्यांच्या पंक्तीस बसावा असा आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी, मांग समाजातील मुक्ता साळवे हिचा महार-मांगांच्या दुःखाविषयीचा हा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त दोन भागांत प्रसिद्ध झाला. दलित स्त्रीचे आरंभीचे लेखन म्हणून त्याचा गौरव होतो. तेवढ्यावरच थांबणे म्हणजे त्याची योग्यता कमी लेखणे होय, असे आम्हांस वाटते.

निबंधाची बांधणी पाहावी. आरंभी प्रश्न आहे : वेद आमचे नव्हेत, तर आमचा धर्म कोणता? पुढे पुरावा येतो : इमारतींच्या पायांत पुरलेली माणसे, वाचता येणे हाच ठरलेला अपराध, छपराविना थंडीवाऱ्यात बाळंत होणाऱ्या स्त्रिया. शेवटी स्वजनांना आवाहन आहे की, विद्या हेच या दुखण्यावरचे औषध. त्यांतही बाळंतिणींचा तपशील आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. राज्यांचा इतिहास लिहिणाऱ्यांना तो सुचला नसता.

निबंधात उणेही आहे. इंग्रजी अमलाविषयीची त्यातील कृतज्ञता आज भाबडी वाटते. मात्र मुक्ताची तुलना पेशवाईशी होती, हे विसरून तिला दोष देणे न्याय्य नव्हे.

खरी थोरवी अशी की, अक्षर हाती येताच तिने ते स्वतःच्या उत्कर्षासाठी न वापरता मुक्यांच्या साक्षीसाठी वापरले. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी तक्रार केली ती याच्या उलट्या चित्राची : रयतेच्या करावर उच्च शिक्षण घेतलेल्यांनी रयतेसाठी काही केले नाही. ती तक्रार आपल्यालाही लागू पडते.

१९५६ साली नागपूर मुंबई राज्यात गेले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. तेव्हापासून मराठी टिकविण्याची चिंता आपण वाहत आलो आणि ती रास्तच आहे. मुले शिकून नागपूर-पुण्यास गेली, याचा अभिमानही आपण बाळगतो. परंतु बैहरकडील बैगा व गोंड मुलांच्या शिक्षणाचा विषय आपल्या बैठकांत किती वेळा निघतो? घरची भाषा एक आणि पाटीवरची दुसरी, हे कष्ट आपल्या घरांनी सोसलेले आहेत. ते दुसऱ्याच्या लेकरात ओळखता येऊ नयेत, तर आपण शिकलो ते काय?

मुक्ताने आपल्यांचे दुःख लिहिले. आपल्या मुलांना आधी दुसऱ्यांचे ऐकावे लागेल. तिचा निबंध त्यांच्या हाती द्यावा, तो पाठांतरासाठी नव्हे. वाचून झाल्यावर आपल्या तालुक्यातील कोणाची साक्ष अजून लिहिली गेलेली नाही, एवढे त्यांना विचारावे.